पाण्याखालची हजेरी

माझं काम नक्की काय, हे मी आईला वीस वर्षं समजावते आहे आणि ती अजूनही पाहुण्यांना "कॉम्प्युटर दुरुस्त करते" असंच सांगते. तिला तरी काय बोलणार? दूध संस्थेतला काटा, मागांवरचे मीटर, चौकातली जाहिरातीची पाटी, अशा कितीतरी वस्तूंच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याच्या आत कर्नल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय द्यायचं, कुठलं सामान कुठं ठेवायचं, सगळं तोच बघतो. पण हा कारभारी काही शिकून जन्माला येत नाही. त्याला काय काय यायला हवं ते त्याची बांधणी करायच्या आधी कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. पडद्यावर प्रश्नांची मोठी यादी येते, हे हवं का, नको का, की लागेल तेव्हाच घ्यायचं, आणि मी चष्मा पुसत पुसत एकेकाला होय-नाही करत बसते. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. मला आवडतं, कारण यादी उलट बोलत नाही.

उद्यमनगरात लेथच्या दोन दुकानांच्या मध्ये माझ्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत चाचा बसतात. सत्तरी ओलांडलेले, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता माझ्या बोर्डांवरचं सोल्डरिंग करतात. डोळ्यांना धड न दिसणारा तुकडाही ते बरोब्बर जागेवर बसवतात आणि वर मलाच विचारतात, "दिसतंय काय गं तुला?" आमच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, त्यामुळं साडेपाचला मी कुलूप घालते. एवढं सांगायचं कारण, पुढं जे सांगणार आहे त्यातलं काहीही मी रात्री पाहिलेलं नाही. सगळं भर उन्हात पाहिलं. अंधारात भास झाला म्हणून सुटका करून घ्यायची सोयही मला नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी एक बाई आली. पन्नाशीची असावी. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. चप्पल बाहेर काढून आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, ह्यातलं वाचाय येतंय काय?"

मी टॉवेल उघडला. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर माझं अक्षर! शहरातल्या एका लहान कंपनीनं नदीकाठच्या काही गावांसाठी अशा पेट्या केल्या होत्या. कंपनी कधीच बंद पडली, पण त्या पेट्यांच्या आतलं सगळं मी लिहिलेलं होतं. "कुणी दिली तुम्हाला ही?" मी विचारलं.

"कोण देतंय! पंचायतीनं टाकून दिल्ती, मी उचलून आणली. आमच्या मालकांची हाय."

मालक म्हणजे नवरा. राधानगरीच्या रस्त्यावरून आत वळलं की नदीकाठी त्यांचं गाव. नवरा गावचा पाणीवाला होता. नदीच्या पात्रात जॅकवेल होतं, म्हणजे सिमेंटची उंच विहीर, तिच्या डोक्यावर मोटरची खोली, आणि काठावरून तिथं जायला एक माणूस जाईल एवढा अरुंद पूल. त्या खोलीत बसून गावाला पाणी चढवायचं हे त्याचं काम. खोलीच्या छताजवळ माझी पेटी बसवलेली होती. नदी किती फुटांवर आहे ते ती दर दहा मिनिटांनी लिहून ठेवायची. शिवाय भिंतीवर एक बटण होतं. पाणीवाल्यानं ते तासातासाला दाबायचं, की पेटीत त्याची हजेरी लागायची.

तीन वर्षांमागं पूर आला. मोटर वर काढायला माणसं पाठवतो, तोवर जागा सोडू नको, असं त्याला पंचायतीतून सांगितलं होतं. माणसं गेलीच नाहीत. दुपारच्या आत पूल पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर खोलीत मोटर होती, गाळ होता, नवरा नव्हता. प्रेत कुठंच मिळालं नाही. पुढं पंधरा दिवस गाव टँकरचं पाणी पीत होतं आणि त्याचा राग कुणावर तरी काढायचाच होता. पाणीवाला सकाळी नऊलाच पळाला, असं पंचायतीनं सांगून टाकलं. मग तो कुणाला कागलच्या नाक्यावर ट्रकात दिसला, कुणाला कबनूरला मागावर दिसला. आपल्याकडं माणूस नाहीसा झाला की तो दिसायला लागतोच.

"पळाला आसंल तर पळाला म्हणून सांगा," बाई म्हणाली. "मेला आसंल तर मेला म्हणून सांगा. तीन वर्सं झाली, रक्षाविसर्जन न्हाई, दिवस न्हाईत. दीर म्हणतोय भाऊ जिता हाय. मी ह्ये कुंकू लावायचं का पुसायचं, तेवढं ह्यातनं बघून सांगा."

यंत्रांना मी आजवर बरेच प्रश्न विचारले, पण असा कुणी विचारलेला ऐकला नव्हता. "बघते," एवढंच म्हणाले. ती जाताना पेटीला हात लावून पाया पडली.

चाचांनी पेटी उघडली आणि "या अल्ला" म्हणून मागं सरकले. आतला बोर्ड हळदीकुंकवानं माखलेला होता. नवऱ्याचं हत्यार म्हणून तिनं तीन खंडेनवम्यांना त्याची पूजा केली होती. त्यात नवल काही नाही, शेजारच्या लेथलाही त्या दिवशी हळद लागते. पण लेथ हळद पचवतो, बोर्ड पचवत नाही. दमटपणानं तांब्याच्या रेघा हिरव्या पडून खाल्ल्या गेल्या होत्या. चाचांनी दोन दिवस ब्रश आणि स्पिरिट घेऊन बोर्ड साफ केला, मग गरम हवेनं मधली चिप अलगद उचलली आणि माझ्या तपासणीच्या बोर्डावर बसवली. नखाएवढी काळी चिप. त्या माणसाचा शेवटचा दिवस कुठं शिल्लक असेल तर हिच्यातच होता.

या चिपला फ्लॅश मेमरी म्हणतात. वीज गेली तरी तिच्यात लिहिलेलं राहतं. तिचे हजारभर कप्पे असतात आणि त्यांच्याशी कसं वागायचं ते कर्नलला शिकवावं लागतं. कप्पा केवढा, चुकलेली अक्षरं ओळखून सुधारायची रीत कुठली, आणि बिघडत चाललेला कप्पा दिसला तर त्यातला मजकूर दुसरीकडं हलवून तो पुसून ठेवायचा का. रोजच्या कामाला ही शेवटची साफसफाई फार सोयीची असते, म्हणून माझ्या नेहमीच्या बांधणीत ती आपोआप सुरू होते.

आणि इतरांना घाई करू नका म्हणून वीस वर्षं झापत आलेल्या मी, तीच नेहमीची बांधणी लावून बोर्डाला वीज दिली. जुन्या पेट्यांतली सुधारण्याची रीत वेगळी होती. ती मीच निवडलेली होती आणि मलाच आठवली नाही. नव्या कर्नलला सगळा मजकूर बिघडलेला दिसला आणि तो इमानानं साफसफाईला लागला. पडद्यावर ओळी धावल्या. कप्पा पुसला. कप्पा पुसला. कप्पा पुसला. मी वायर हिसकली तोवर नऊ-दहा ओळी होऊन गेल्या होत्या.

बाहेरून चाचांनी विचारलं, "काय जळालं काय गं?"

"जळालं असतं तर बरं झालं असतं," मी खेकसले, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. चाचांनी चहा आणून ठेवला आणि ते परत गेले.

पुढचे दोन दिवस मी त्या यादीपुढं बसून होते. पहिल्या प्रश्नापासून. साफसफाईचा थर हवा का? नको. चिपवर लिहिण्याची मुभा? नको. पुसण्याची? नको. कप्प्यांची मापं आपोआप ओळखू का? नको, मी सांगते तीच घे. सुधारण्याची रीत? जुनी, त्या पेटीतलीच. एरवी मी जे प्रश्न डोळे झाकून उरकते त्यांच्यावर दहा दहा मिनिटं थांबत होते. कर्नलला एवढंच शिकवायचं होतं, की समोर जे आहे ते वाच आणि कशालाही हात लावू नकोस. बांधणी झाल्यावर मी ती आधी एका रद्दी चिपवर लावून पाहिली. मग दुसऱ्या. मग म्हटलं आता उद्या.

दुसरा दिवस शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. शेजारी जेवणाची सुट्टी झाली आणि दोन्ही बाजूंचे लेथ थांबले. तो आवाज इतका अंगवळणी पडला आहे की तो थांबल्यावरच मला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटतं. रस्त्यावर ऊन होतं, चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडं जुनी माणसं भर बाराला नदीवर जाऊ देत नसत, ती वेळ चांगली नाही म्हणत. मला त्या वेळी हे आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलं. मी बोर्डाला वीज दिली.

कर्नल जागा झाला, चिप ओळखली, आणि गप्प बसला. एकही कप्पा पुसला नाही. मी एकेक कप्पा वाचायला सांगितलं आणि नोंदी खाली उतरायला लागल्या.

पुराच्या दिवशीचे सकाळचे सहा ते नऊ कोरे होते. माझ्या घाईनं खाल्लेले कप्पे ते हेच. गावानं ज्या नऊवर बोट ठेवलं होतं नेमके तेच तास मी पुसले होते. मग पुढची ओळ आली. दहा वाजून चार मिनिटं, हजेरी, पाणी खोलीच्या जमिनीपासून दोन फूट खाली. अकरा वाजून दोन, हजेरी, पाणी जमिनीला. बारा वाजून तीन, हजेरी, पाणी गुडघाभर.

"पळाला नाही!" मी मोठ्यानं म्हणाले. रिकाम्या खोलीत उठून उभी राहिले. बारालाही तो खोलीत होता, तोवर पूलच बुडाला होता, म्हणजे जायला वाटच नव्हती. तीन वर्षं गाव खोटं बोलत होतं आणि माझी पेटी खरं सांगत होती. इतका आनंद मला माझ्या कामानं फार वेळा दिलेला नाही. त्याच आनंदात मी खाली सरकत गेले.

हजेरी. हजेरी. हजेरी.

आधी मला काही वावगं वाटलं नाही. मग बाजूच्या रकान्यातली पाण्याची उंची पाहिली. ते बटण जमिनीपासून साडेचार फुटांवर लावायचं, असं बसवण्याच्या कागदावर मीच लिहिलं होतं. दोनच्या सुमाराला पाणी पाच फूट होतं. मानेपर्यंत पाण्यात उभा राहून, हात खाली घालून त्यानं बटण दाबलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जिद्दीचा माणूस होता म्हटलं. तीन वाजून तीन मिनिटांनी पाणी दाराच्या चौकटीच्या वर होतं. हजेरी लागलेली होती. चार वाजून एक, हजेरी. पाच वाजून पाच, हजेरी. पेटी छताजवळ कोरडी होती, तिला पाणी लागेपर्यंत ती लिहीत राहणार हे मला ठाऊक होतं. पण ती हेही लिहीत होती. संध्याकाळ, रात्र, दुसऱ्या दिवसाची सकाळ. तासातासाला, दोन-चार मिनिटं मागंपुढं, मध्ये एखादी चुकलेली, माणसाची चुकते तशी.

मी खुर्ची भिंतीला लावून बसले. दार उघडंच होतं आणि मला ते बंद करावंसं वाटेना आणि त्याच्याकडं पाठही करवेना.

मी या कामात नवखी नाही. आत पाणी जाऊन बटण चिकटलं तर ते सेकंदाला दहा वेळा दाबल्यासारखं दिसतं, तासाला एकदा नव्हे. आदल्या दिवसांच्या नोंदी मिसळल्या म्हणावं तर प्रत्येक नोंदीला क्रमांक होता आणि क्रमांक एकाला एक लागून होते. घड्याळ बरोबर होतं. पाण्याची उंची क्षणभरही उलटसुलट झालेली नव्हती. प्रोग्राम माझा होता, म्हणून मी आधी त्याच्यावरच आरोप केला. जुना कागद काढून ओळ न् ओळ तपासली. त्यात पाण्याखाली हजेरी लावण्याचा गुन्हा कुठंच सापडला नाही.

चाचा नमाजाहून आले. "कितीपर्यंत हुता माणूस?" त्यांनी विचारलं. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. उंचीचा रकाना बोटानं खालपर्यंत नेला. मग डोक्यावरची टोपी काढून ठेवली होती ती पुन्हा घातली.

"बाईला बारापर्यंतचंच दाखीव," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सोल्डरिंगला हात लावला नाही.

मला एकच पळवाट दिसत होती. बटण सांगितल्यापेक्षा वर बसवलेलं असेल, अगदी छताला. म्हणून सोमवारी मी टेप, बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन त्या गावाला गेले. बाई काठापर्यंत आली आणि पुलाच्या तोंडाशी थांबली. "मी पुढं येत न्हाई," म्हणाली. उन्हाळा, नदी बारीक झालेली, पात्रात दगड उघडे पडलेले. पुलावरून चालताना खाली कोरडी वाळू दिसत होती आणि तरी मी कठड्याला धरून चालले होते.

नवी मोटर आता दुसऱ्या जागी बसवली आहे, त्यामुळं ती खोली रिकामीच पडून आहे. दाराला कडी नव्हती. भिंतीवर छताच्या वीतभर खाली गाळाची रेघ होती, पट्टीनं आखावी इतकी सरळ. बटण त्या रेघेच्या खूप खाली होतं. मी टेप लावला. साडेचार फूट. वायर कापलेली लोंबत होती. बटणाचं काळं प्लास्टिक मधोमध अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालेलं होतं आणि सगळ्या खोलीभर धूळ असताना तेवढ्या जागेवर धूळ नव्हती. गुळगुळीत जागेवर धूळ टिकत नाही, असं मी लगेच मनात म्हटलं. ते खरंही असेल. पण टेप गुंडाळून मी त्या बटणाकडं पाठ करून बाहेर पडले नाही, त्याच्याकडं तोंड करूनच मागं मागं सरकत पुलावर आले. मला भीती वाटली होती आणि ती लपवण्यात आता अर्थ नाही.

"बघितलं काय ताई?" बाईनं काठावरून हाक दिली.

"बघितलं."

तिच्या घरी गेलो. पत्र्याचं घर, पुढं ओसरीसारखा सारवलेला सोपा. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, त्याला हार नव्हता. हार घालावा तर तो मेला असं होतं, न घालावा तर पळाला असं होतं, म्हणून तो तीन वर्षं नुसता होता. मी बोर्ड आणि लॅपटॉप सतरंजीवर मांडला आणि छापून आणलेला कागद तिच्या हातात दिला. दहा, अकरा, बारा. पंचायतीला दाखवायला खाली माझी सही केली होती.

"वाचून दावा."

मी वाचलं. ती ऐकत होती.

"म्हंजे हुता."

"होता. पूल बुडाला तेव्हा आतच होता."

"पळाला न्हाई."

"नाही पळाला."

तिनं कागदाची चार घड्यांची घडी केली, ब्लाउजात ठेवली, आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. मीही रडले. मग तिनं तोंड धुतलं आणि आत जाऊन नव्यानं कुंकू लावून आली. "ह्ये मी आता लावणारच," ती म्हणाली. "पळपुट्याचं न्हवं ह्ये." मला वाटलं झालं, आता निघावं. मी वायर गुंडाळायला घेतली.

"बारानंतर?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. गिऱ्हाइकांशी मी रोज बोलते. पण तिच्यापुढं जमलं नाही. चाचांनी बजावलेलं सगळं बाजूला ठेवून मी तिला पुढच्या ओळी वाचून दाखवल्या, पाण्याच्या उंचीसकट. ती दचकेल, किंचाळेल, असं मला वाटत होतं. ती प्रत्येक ओळीला मान हलवत होती, रोजचाच हिशेब ऐकावा तशी.

"दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी बुडली," मी म्हणाले. "तिथून पुढं काही नाही."

"पेटी बुडली व्हय. त्यो दाबतच आसंल." तिनं नदीच्या दिशेनं बघितलं. "जागा सोडू नको म्हणून सांगितल्तं. आता ये, सुट्टी झाली, असं त्याला कुणी सांगितलंच न्हाई की."

बाहेर ऊन रखरखत होतं आणि माझ्या हातांवर काटा आला होता.

"पुसून टाका ताई ह्ये," ती म्हणाली.

मी नाही म्हणाले. हा पुरावा आहे, पुन्हा मिळायचा नाही, मी किती जपून वाचलं आहे, वगैरे बरंच बोलले. ती शांतपणे म्हणाली, "पुरावा माझ्या कागदावर हाय. बाकीचं त्येचं हाय. रक्षा न्हाई मिळाली, तर निदान ह्येचं तरी विसर्जन हुंदे."

मग मी सतरंजीवर मांडी घालून ती यादी पुन्हा उघडली. चिपवर लिहिण्याची मुभा? हवी. पुसण्याची? हवी. दोन दिवस ज्या प्रश्नांना मी जिवापाड नकार दिला होता त्यांना तिच्या सोप्यात बसून एकेक करून होकार दिला. बांधणीला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात तिनं फोटोपुढं दिवा लावला. लॅपटॉपवर नोंदींची एक नक्कल होती, तीही मी तिच्या डोळ्यांदेखत काढून टाकली. मग पुसण्याचा हुकूम दिला.

ओळी धावायला लागल्या. कप्पा पुसला. कप्पा पुसला. ती हात जोडून बसली होती आणि ओळीगणिक तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. हजारभर ओळी झाल्या आणि शेवटच्या एका ओळीवर पडदा थांबला. कर्नलनं पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

"काय झालं?"

"एक कप्पा पुसला जात नाही. होतं असं. झिजलेला असला की तो ऐकत नाही, मग कर्नल त्याच्या वाटेला जात नाही." मी हे अगदी सहज आवाजात सांगितलं.

"काय हाय त्येच्यात?"

मी वाचलं. "एकच नोंद आहे. अगदी शेवटची हजेरी. दुसऱ्या दिवशीची, दुपारी एक चाळीस."

तिचे जोडलेले हात सुटले. माझ्याकडं पाहत ती म्हणाली, "एकला जेवाय बसायचा त्यो. जेवून, तंबाखू मळून, मग चाळीसला बटन दाबायचा. रोज. पूर आला त्या दिशी डबा घिऊन गेलतो मी. पुलावरनं पाणी चाललं हुतं. काठावर उभी ऱ्हायलो आन् माघारी आलो. उपाशी गेला, उपाशी गेला, तीन वर्सं दुसरं काय न्हाई डोस्क्यात. भाकरी तोंडात घालवंना माझ्या."

पुढं सरकून तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं तिला, पण ओळ बरोबर तीच होती.

"म्हंजे जेवून उठलाय," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे तेवढं." आणि बोर्डाची वायर तिनं आपल्या हातानं काढली.